बेचाळीस फटक्यांची ढाल

"एकोणीस... वीस... एकवीस..."

आख्खी गर्दी एका सुरात मोजत होती. बाविसाव्या फटक्याला पारस मगदूमच्या योद्ध्याच्या हातातली वेताची ढाल गळून पडली आणि तेविसाव्याला योद्धा चारी मुंड्या चीत.

"मेलो की!" पारसदादा म्हणाला. त्यानं मोबाइल वर धरून सगळ्यांना दाखवला आणि मग माझ्या तक्त्याकडे बोट केलं. "ए आठवी, वाच की जरा मोठ्यानं. वेताच्या ढालीपुढं काय लिहिलंयस?"

माझ्या तक्त्यावर लाल स्केचपेननं, खाली दोन रेघा ओढून, लिहिलं होतं: पहिला क्रमांक, वेताची ढाल, बेचाळीस फटके.

"बेचाळीस," मी म्हणाले. ते फक्त मला ऐकू गेलं.

"काय? ऐकू येईना!"

हसू फुटलं. मागून कुणीतरी ओरडलं, "ढाल न्हवं, पापड हाय तो!"

आता मी दहावीत आहे आणि मला गप्प करायला दोन-दोन मॅडम लागतात, त्यामुळे हे कुणाला खरं वाटायचं नाही. पण तेव्हा, म्हणजे दोन वर्षांपूर्वी, इचलकरंजीतल्या आमच्या शाळेत केतकी हावळ नावाची मुलगी आहे हे हजेरी घेतानाच कळायचं. माझ्या वाटचं बोलायला तरन्नुम होती ना! पहिलीपासून एका बाकावर. सरांनी मला प्रश्न विचारला की उत्तर मी तिच्या कानात सांगायची आणि ती उभी राहून म्हणायची, "सर, केतकी म्हणते की..." मग आठवीच्या जूनमध्ये तिच्या अब्बांनी, मोमीनचाचांनी, इथले कापडाचे माग विकले आणि ते सगळे मालेगावला गेले. सुरुवातीला आमचा रोज फोन, मग रविवारी, मग ऑगस्टमध्ये तेही बंद. तिला तिकडं कुणीतरी मिळाली असणार असं मी धरून चालले. मोठा आवाज असलेल्या माणसाला मैत्रिणी मिळायला कितीसा वेळ लागतो?

मला उरला 'काळदुर्ग'.

हा मोबाइलवरचा खेळ आम्ही दोघी मिळून खेळायचो. राक्षस, दलदली, पडके बुरूज आणि हाताला लागतील तितकी शस्त्रं. बाकीची मुलं त्यात तलवारीवरून भांडतात. मी एकटी पडल्यावर ढाली गोळा करायला लागले. पाच महिन्यांत अकरा झाल्या. सोन्यासारखी चमकणारी सूर्यढाल, गेंड्याच्या पाठीसारखी गेंडाढाल, आणि एक गोल, काळी, मधोमध मूठ असलेली, आमच्या भाताच्या पातेल्यावरचं वाटावं असं तंतोतंत झाकण. खेळात ते पूर्ण प्रवासात एकदाच मिळतं, एका पडक्या स्वयंपाकघरात, आणि बहुतेक लोक ते उचलतसुद्धा नाहीत.

प्रत्येक ढालीवर तिची ताकद छापलेली असते, पण तो आकडा मला पटायचा नाही. सूर्यढालीवर शंभर छापलंय म्हणून ती घेऊन मी दोनदा मेले होते! म्हणून मी स्वतः मोजायचं ठरवलं. पहिल्या गावाच्या वेशीवर एक म्हातारा दरवान आहे. त्याच्यासमोर उभं राहिलं की तो गदा हाणतो, आणि त्याचा एकही फटका कधी कमी नाही की जास्त नाही. म्हटलं, हाच माझा काटा. ढाल समोर धरायची, उलट वार करायचा नाही, आणि ढाल हातातून गळेपर्यंत फटके मोजायचे. प्रत्येक ढाल तीनदा. वही भरली.

ती वही विज्ञानाच्या हुक्केरी सरांच्या हातात कशी पडली ते सांगत बसत नाही, पण त्यांनी चाळली आणि म्हणाले, "विज्ञान प्रदर्शनात मांड." मग थोडं थांबून, "तरी ज्वालामुखी केलास तर नंबर येईल बघ."

मी ज्वालामुखी केला नाही. वेताची ढाल, सगळ्यात स्वस्त, सगळ्यांनी पहिल्याच दिवशी फेकून दिलेली, ती सूर्यढालीच्या वर निघाली होती! हे मला जगाला सांगायचं होतं. तोंडानं नाही, तक्त्यानं.

आणि आता जग हसत होतं.

पारसदादा दहावीतला. शाळेत 'काळदुर्ग'चा राजा. त्याच्या ठिबक सिंचनाच्या मॉडेलला मोबाइल लागतो म्हणून त्याला मोबाइलची परवानगी होती, आणि सूर्यढाल त्याचा जीव की प्राण. माझ्या तक्त्यावर ती चौथी बघून तो मुद्दाम वेताची ढाल विकत घेऊन आला होता.

"तू चुकून दोन वेळा मोजलंस," तो म्हणाला. "एकवीस दुणे बेचाळीस."

गर्दीत परत हशा. दोन टेबलांपलीकडे परीक्षक बाई ज्वालामुखीसमोर वाकून उभ्या होत्या. कॉलेजच्या बिराजे मॅडम. पुढच्या पंधरा मिनिटांत त्या माझ्याकडे येणार होत्या.

सरांनी वर्गातल्या टीव्हीला माझा मोबाइल जोडून दिला होता. मी वेताची ढाल घेतली आणि दरवानासमोर जाऊन उभी राहिले. गर्दी पुन्हा मोजायला लागली. एकविसाला सगळे थांबले. बावीस झाले. तीस झाले. चाळीसला आवाज चढला. बेचाळीस! त्रेचाळिसाव्याला ढाल गळली.

"आयला," पारसदादा म्हणाला. मग डोळे बारीक करून, "काय केलंस? चोरीचा खेळ टाकलायस मोबाइलमध्ये?"

"नाही."

"मग माझी ढाल वेगळी आणि तुझी वेगळी?"

नुसतं चोर म्हणून थांबला असता तर मी गप्प बसले असते. मला ते सवयीचं होतं. पण आकडे वेगळे का आले, हा प्रश्न त्याच्याइतकाच मलाही पडला होता, आणि त्या प्रश्नानं माझं तोंड उघडलं.

माझे पप्पा मागांचे जॉबर आहेत. माग बिघडला की त्यांना बोलावणं येतं. लहानपणी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. आडवं सूत नेणारा धोटा सारखा बाहेर उडत होता, मालक घाईला आलेला, "अहो, सगळंच आवळून टाका की एकदम!" पप्पांनी एक नट फिरवला, माग चालवून बघितला, बंद केला. दुसरा फिरवला, चालवला, बंद केला. मला म्हणाले, "दोन नट एकदम फिरवले की माग चालंल पण. फक्त कशानं चालला ते देवालाबी सांगता यायचं नाही."

"पारसदादा," मी म्हणाले, "आपल्या दोघांत वेगळं काय काय आहे? एकेक काढूया."

"काय?"

"चिलखत काढ."

"भर चौकात?" तो म्हणाला आणि पोरं खिदळली. पण त्यानं काढलं. खेळाचा राजा असला तरी त्यालाही उत्तर हवं होतं. पुन्हा दरवान. एकवीस. मी माझं काढलं. बेचाळीस. त्यानं शिरस्त्राण काढलं. एकवीस. मी जोडे काढले. बेचाळीस. आता कुणी हसत नव्हतं. पाठीमागची पोरं बाकांवर चढली होती. शेवटी दोन्ही योद्धे वेशीवर उघडेबंब उभे, हातात फक्त वेताची ढाल, आणि तरी त्याचे एकवीस, माझे बेचाळीस.

"आता काय कातडी काढू?" पारसदादा म्हणाला. मग टीव्हीजवळ जाऊन त्यानं बोट टेकवलं. "थांब, थांब. ढालीच्या मागं काय चमकतंय? डाव्या हातात?"

मला बघायची गरज नव्हती.

मालेगावला जायच्या आदल्या दिवशी तरन्नुमनं मला खेळात एक अंगठी पाठवली होती. हिरवी, वर एक बसका बेडूक. "काय करते ही?" मी विचारलं होतं. ती म्हणाली होती, "तुला सांभाळते." मी लगेच डाव्या हातात घातली. ढालीच्या हातात. तेव्हा माझ्याकडे वेताची एकच ढाल होती. अंगठीची माहिती वाचायची तर तिच्या चौकोनावर एकदा बोट टेकवायचं. दुसऱ्यांदा टेकलं की अंगठी निघते. आणि 'काळदुर्ग'चा नियम असा की दुसऱ्यानं दिलेली भेट एकदा काढली की तिची राख होते. त्यामुळे त्या चौकोनाच्या आसपास मी बोट नेतच नव्हते. चुकून दोनदा लागलं तर? सहा महिने मी तो कोपरा टाळून खेळले होते. अकरा ढाली बदलल्या, चिलखतं बदलली, पण अंगठी ही बदलायची वस्तू आहे हेच मी विसरले होते. ती माझं बोटच झाली होती.

"अंगठी आहे," मी म्हणाले.

"वाच की काय लिहिलंय."

मी एकदा, फक्त एकदा, बोट टेकवलं. टीव्हीवर मोठ्या अक्षरांत आलं. पारसदादानं इंग्रजी वाचून सरळ मराठीत सांगितलं, "हलक्या ढालीवर पडणारा मार निम्मा." मग त्याचा आवाजच बदलला. "ए, ही बेडकाची अंगठी आहे! तुला कुठं मिळाली? हजार बेडकांत एखाद्याकडं असते. मी दीड वर्ष त्या दलदलीत बेडूक मारालोय, मला अजून एक दिसली नाही!"

"मैत्रिणीनं दिली."

"दिली?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "फुकट?"

वेत, लाकूड, चामडं. माझ्या तक्त्यावरच्या तिन्ही हलक्या ढालींचे आकडे दुप्पट होते. तीन आठवड्यांची मेहनत, आणि मी ढाल मोजलीच नव्हती. मी तरन्नुमला मोजलं होतं.

"काय चाललंय इथं?" बिराजे मॅडम आल्या होत्या. बाकांवरची पोरं पटापट खाली उतरली. मॅडमनी तक्ता वाचला, वही चाळली. "स्वतः मोजलंस? प्रत्येक तीनदा? छान. आणि वेताची ढाल पहिली, हे नवलच आहे. कारण काय?"

पारसदादानं मला कोपरानं ढोसलं आणि पुटपुटला, "सोड, मी काय बोलत नाही. बेचाळीस तर बेचाळीस."

खरंच बोलला नसता तो. मी तक्त्याकडे बघितलं. दोन रेघांवरचे ते बेचाळीस फार देखणे दिसत होते.

"मॅडम, ते चुकलंय," मी म्हणाले.

"काय?"

कुणाच्या कानात सांगायची सोय नव्हती. "ते चुकलंय!" मी म्हणाले, आणि या वेळी माझा आवाज मागच्या भिंतीला लागून परत आला. "माझ्या हातात अंगठी होती. हलक्या ढालींना तिची मदत होते. जड ढालींना नाही. मी ती काढायची विसरले."

"बरं. मग अंगठीशिवाय किती?"

"वेताचे एकवीस. ते पारसदादाच्या मोबाइलवर कळलं. लाकडाच्या आणि चामड्याच्या ढालीचं माहीत नाही."

"तुझ्याकडे आहेत का त्या?" मॅडमनी पारसदादाला विचारलं.

"नाही मॅडम. असल्या ढाली मी भंगारात टाकल्या."

"मग तू काढून बघ अंगठी."

"काढली की ती राहत नाही मॅडम. राख होते."

मॅडम हसल्या नाहीत. मोठी माणसं अशा वेळी हमखास हसतात, त्या नाही हसल्या. "कुणीतरी दिलेली आहे?"

मी मान डोलावली.

"मग राहू दे. त्या दोन ढालींपुढे 'मोजलेले नाही' असं लिही. चालतं तसं. विज्ञानात सगळ्यांच्याच वह्यांमध्ये असं लिहिलेलं असतं."

सुटले! खरंच सुटले असते. आकडे खरे, अंगठी बोटात, सगळे खूश. मी स्केचपेनचं टोपण उघडलं. 'मोज' एवढं लिहिलंसुद्धा. आणि मग माझ्या लक्षात आलं की उद्या, परवा, पुढच्या महिन्यातसुद्धा मी त्या कोपऱ्यावरून बोट चोरत खेळत राहणार, आणि एकही हलकी ढाल माझ्या हातात खरी किती टिकते हे मला कधीच कळणार नाही. मी किती टिकते तेही.

मी पेन खाली ठेवलं आणि चौकोनावर बोट टेकवलं. एकदा. माहिती आली. दुसऱ्यांदा.

बेडूक करडा झाला. मग त्याचे कण झाले आणि टीव्हीच्या एका कडेनं उडून गेले. आवाजही झाला नाही.

"अगं!" पारसदादा कळवळला. त्याच्याच घरातलं कुणी गेल्यासारखा.

"मोज," मी त्याला म्हणाले.

तो मोजायला लागला आणि त्याच्यामागे सगळी गर्दी. वेत, एकवीस. लाकूड, पंधरा. चामडं, तेरा. मॅडम म्हणाल्या झालं की आता, पण मी म्हटलं नाही, एक जड ढालही परत बघायची, अंगठीचा तिला खरंच उपयोग नव्हता ना ते कळायला नको? झाकण घेतलं. दरवान हाणत होता आणि माझं झाकण टणटणत होतं. चौतीस, पस्तीस, छत्तीस. वहीत होते तेच, छत्तीस!

मग मी बाकावर चढले. का चढले ते विचारू नका. लाल पेननं दोन्ही रेघांसकट बेचाळीसवर काट मारली आणि ओरडून सांगितलं, "पहिला क्रमांक, झाकण, छत्तीस फटके! दुसरी गेंडाढाल, तेहतीस! तिसरी सूर्यढाल, एकतीस!"

"एक नंबर वर आलो!" पारसदादा ओरडला.

"वर आलास, पण झाकणाच्या खालीच आहेस दादा!" मी म्हणाले, आणि या वेळी जग हसलं तेव्हा मी त्यांच्यासोबत हसत होते.

पहिला नंबर अर्थातच ज्वालामुखीला गेला. मला उत्तेजनार्थ. हुक्केरी सर जाता जाता म्हणाले, "म्हटलं होतं ना." पण ते माझी वही सोबत घेऊन गेले, नववीच्या वर्गाला दाखवायला.

घरी आले तेव्हा पप्पा चहा पीत होते. मी त्यांच्या मोबाइलवर तरन्नुमच्या अम्मीचा नंबर लावला. चार महिन्यांनी. पाठ होता.

"हॅलो?" तिचाच आवाज, पण बारीक.

"तन्नू, मी केतकी. तुझी अंगठी गेली. मी काढली. मुद्दाम."

पलीकडून आलं, "कुठली अंगठी?"

"बेडकाची."

"ती? या अल्ला, त्यासाठी फोन केलास? अगं, सतरा होत्या माझ्याकडे तसल्या! पिशवी भरली म्हणून एक तुला दिली."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि दीड वर्ष बेडूक मारणारा पारसदादा आठवला. तोंड मिटलं.

"बरं," मी म्हणाले. "तू कशी आहेस?"

"मी? मजेत." मग हळूच म्हणाली, "केते, इथं वर्गात ना, मला कुणी काही विचारतच नाही. आणि विचारलं तर मला उत्तर येत नाही. कानात सांगायला कोण आहे?"

इतकी वर्षं मला वाटायचं की तिला सगळं येतं.

मी पप्पांकडे बघितलं. ते कपबशी उचलून आत निघून गेले.

"ऐक," मी म्हणाले. "रोज सहा वाजता फोन करायचा. दुसऱ्या दिवशी जो धडा असेल त्यातले प्रश्न मी विचारणार, उत्तरं तू द्यायची. मोठ्यानं. आणि खेळ उघड. तुला एक ढाल पाठवते."

"कुठली?"

"झाकण. आज ते पहिलं आलं, माहितीये? छत्तीस फटके!"

"ते पातेल्यावरचं? पण केते, ते तर एकदाच..." ती थांबली. "नको. माझ्याकडून चुकून काढलं गेलं तर राख होईल त्याची."

"होऊ दे की. खुशाल काढ. माझ्याकडे अजून सतरा आहेत."

मग ती हसली, जुन्या, आख्ख्या वर्गाला ऐकू जाणाऱ्या आवाजात.

"खोटारडी!"

"तू पण," मी म्हणाले, आणि झाकण पाठवून दिलं.